माळगुणीचा संकर

"हलवू नकोस गो, आत माशी अडकलीय," तांडेल सर म्हणाले.

मी हात मागे घेतला. ओल्या कातळावर गुडघे टेकून आम्ही दोघं बोटभर उंचीच्या एका फुलाकडे बघत होतो. खाली फुगीर, मधे नळी, आणि वर पाच पाकळ्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली. कंदिलासारखं दिसतं म्हणून याला कंदीलपुष्प म्हणतात. हे फिक्या हिरव्या रंगाचं होतं आणि नळीवर जांभळ्या रेघांची वळी होती.

"नळीत केस असतात, आतल्या बाजूला झुकलेले. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. उद्या केस सुकतील, मग सुटेल बिचारी."

मी मान हलवली, पण माझं लक्ष माशीत नव्हतं. पाठीवरच्या पिशवीत चार पानांचा अहवाल होता. पुण्याहून निघाल्यापासून मी तो सहा-सात वेळा बाहेर काढून परत आत ठेवला होता. त्याच दुपारी दोन वाजता तालुक्याच्या गावी सुनावणी होती आणि सरांना मी अजून काहीच सांगितलं नव्हतं.

ही तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर संपत आला होता आणि माळगुणीचा सडा, म्हणजे गावामागचं ते उघड्या कातळाचं पठार, फुलांनी भरून गेलं होतं. तांडेल सर मला अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचे. मी पुढे गणिताकडे गेले तेव्हा ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. त्या दिवसाच्याही बावीस वर्षं आधी याच सड्यावर त्यांना हे कंदीलपुष्प सापडलं होतं. आसपास याचे दोन नातेवाईक भरपूर होते, एक पांढरं आणि एक जांभळं. हे तिसरं मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. कॉलेजातून निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्यात ते इथे येत राहिले, मोजमापं घेत राहिले, आणि शेवटी ही नवी जात आहे असा लेख लिहून त्यांनी एका नियतकालिकाकडे पाठवला. तिथून उत्तर आलं की डीएनए तपासल्याशिवाय काही म्हणता येणार नाही. मग सरांनी पानं सुकवून माझ्या संस्थेत पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, 'तुझं गणित आता माझ्या कामाला येऊ दे.'

मधल्या काळात सड्याचा पूर्वेकडचा अर्धा भाग खाणीला देण्याचं घाटत होतं. जगात दुसरीकडे कुठेही नसलेली जात तिथे आहे असं ठरलं असतं, तर मंजुरी देणाऱ्यांना थांबावं लागलं असतं. सरांनी हरकत नोंदवली होती. तिच्यात 'आनुवंशिक पुरावा सुनावणीच्या दिवशी सादर करू' असं लिहिलं होतं. तो पुरावा म्हणजे मी.

"सर, पोरगी कोण ही?" मागून आवाज आला. धोंडाबाई कोकरे म्हशी घेऊन आल्या होत्या. त्यांचं घर आणि गोठा सड्याच्या पूर्व अंगालाच होता. हे फूल सरांना पहिल्यांदा दाखवलं तेही त्यांनीच.

"माझी विद्यार्थिनी, हेमांगी. पुण्याला असते. हे फूल कुणाचं ते ही हिशेब करून सांगणार आहे."

"कुणाचं म्हंजी? हितलंच की." धोंडाबाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "हिशोब करायला यवड्या लांबनं आली व्हय? दुपारी म्या बी यनार हाय सुनावणीला. मला बी बोलायचंय."

त्या म्हशींमागे गेल्या. सर कातळावर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "सांग आता. सकाळपासून तुझा एक पाय जागेवर नाही. काय आलं?"

मी अहवाल काढला, पण वाचला नाही. तोंडीच सांगत सुटले. माझं काम जातींच्या वंशावळी जुळवण्याचं. एखाद्या जिवाच्या प्रत्येक जनुकाला स्वतःची वेगळी वंशावळ असते. पांढरं, जांभळं आणि आपलं, या तिघांत कोण कुणाच्या जवळचं हे प्रत्येक जनुक आपापल्या परीने सांगतं. वंश झाडासारखा नुसता फांद्या फुटत वाढला असेल, तर बहुतेक जनुकं एकच उत्तर देतात. थोडी चुकार निघतात, पण ती उरलेल्या दोन उत्तरांत साधारण सारखी विखुरतात. दोन फांद्या पुढे कधीतरी एकत्र आल्या असतील, म्हणजे संकर झाला असेल, तर जनुकं दोन गटांत फुटतात. मग वंशावळीचं झाड काढून भागत नाही, जाळं काढावं लागतं.

"आणि आपली?"

"चारशे बारा जनुकं घेतली, सर. एकशे सत्त्याण्णव म्हणतात हे पांढऱ्याच्या जवळचं. एकशे चौऱ्याण्णव म्हणतात जांभळ्याच्या. उरलेली एकवीस तिसरंच काहीतरी सांगतात."

सर जीवशास्त्राचे मास्तर होते. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. तरी त्यांनी विचारलं, "म्हणजे अर्धंअर्धं."

"हो. ताजा संकर आहे हा. दोन्ही जाती इथे शेजारी शेजारी आहेत. एखादी माशी एकीचा पराग घेऊन दुसरीत शिरते आणि अधूनमधून असं रोप उगवतं. ही पहिलीच पिढी असणार. ही जात नाही, सर."

मी हे एका दमात बोलले. बोलताना मला बरंही वाटत होतं, ते लपवत नाही. महिन्यापूर्वी परदेशातल्या एका परिषदेने माझं व्याख्यान स्वीकारलं होतं आणि त्याच्या शीर्षकातच 'ताजा संकर' हे शब्द होते. माझी पद्धत खऱ्याखुऱ्या निसर्गात चालते हे दाखवायला याहून स्वच्छ उदाहरण मला मिळालं नसतं. आकडे इतके नेमके निम्मे आले होते की पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी खोलीत एकटीच हसले होते.

सर पुन्हा त्या फुलाकडे वाकले. मग म्हणाले, "ताज्या संकराच्या बिया कशा निघतात?"

"बहुधा धरतच नाहीत. धरल्या तरी त्यांची पोरं एकसारखी निघत नाहीत. काही पांढऱ्याकडे झुकतात, काही जांभळ्याकडे."

"मी अकरा वर्षं पेरतोय."

"काय?"

"घरी कुंड्यांमध्ये. फुलाला मलमलीची पिशवी बांधतो, हाताने पराग घालतो, शेंगा आल्या की बिया पेरतो. चार पिढ्या झाल्या. एकही रोप कुणाकडे झुकलं नाही. सगळी याच्यासारखी, हीच वळी, हाच रंग."

"तुम्ही हे सांगितलं नाहीत मला."

"तू विचारलं नाहीस," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मला वाटलं, तुमच्याकडे पानांवरूनच सगळं कळतं."

मी उठून चालायला लागले. कातळावर जागोजागी पाण्याची डबकी होती, त्यांतून तशीच चालत गेले. चपला भिजल्या. प्रत्येक रोपात प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक बापाकडची. माझ्या प्रोग्रामला एकच प्रत चालत असे, म्हणून मी प्रत्येक जनुकाची कुठलीतरी एक प्रत उचलून दुसरी टाकून दिली होती. आमच्यात सगळे असंच करत. ताज्या संकरात प्रत्येक जनुकाची एक प्रत पांढऱ्याची आणि एक जांभळ्याची असणार. त्यातली कुठलीतरी एक उचलली की उत्तर निम्मं-निम्मं येणार. पण संकर हजारो पिढ्यांपूर्वी झाला असेल आणि तेव्हापासून तो वंश स्वतंत्र वाढत आला असेल, तर काही जनुकांच्या दोन्ही प्रती पांढऱ्याच्या होऊन बसतात आणि काहींच्या दोन्ही जांभळ्याच्या. तिथेही एकेक प्रत उचलली तर उत्तर निम्मं-निम्मंच. माझा आकडा दोन्ही गोष्टी सारख्याच सांगत होता. त्यातली एक मी निवडली होती.

परत येऊन मी सरांना हे सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "टाकून दिलेल्या प्रती आहेत?"

"मूळ माहिती माझ्या हार्डडिस्कवर आहे. परत मोजता येईल. दीड-दोन तास लागतील. पण वीज पाहिजे."

माळगुणीत त्या दिवशी सकाळी नऊ ते दुपारी तीन भारनियमन होतं आणि माझ्या लॅपटॉपची बॅटरी अर्धा तासही टिकत नसे. सर घाईघाईने उठले. त्यांचे गुडघे दुखत, पण त्या दिवशी सड्यावरून ते माझ्यापुढे उतरले. वाटेत एकदाच थांबून म्हणाले, "हे बघ, मला काय वाटतं ते मी तिथे सांगणार नाही. तुझा आकडा काय म्हणतो तेच सांगणार. जुना निघाला तर जुना, ताजा निघाला तर ताजा."

"पण तुमच्या बिया, सर? चार पिढ्या म्हणजे—"

"घरच्या कुंड्यांवर कोण विश्वास ठेवणार? ते म्हणतील म्हातारा स्वतःच्या फुलाची बाजू घेतो. हरकतीत मी आनुवंशिक पुरावा म्हणून लिहिलंय."

रिक्षाने आम्ही तालुक्याला पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. बाजाराच्या तोंडाशी शुभदा पांगम यांचं झेरॉक्स आणि संगणक केंद्र होतं. तिथे इन्व्हर्टर होता. शुभदाताईंनी मला आतल्या बाजूला प्लायवूडच्या आडोशामागे टेबल दिलं. सुनावणीचं सभागृह तिथून चालत दहा मिनिटांवर. सरांकडे मोबाइल नव्हता.

"माझा नंबर सतरावा आहे," सर म्हणाले. "तीनच्या आधी काही यायचा नाही. झालं की ये."

ते गेले. मी प्रोग्राम बदलायला घेतला. घाईत साध्या साध्या चुका होत होत्या. एकदा अर्धा तास वाया गेला, कारण मी चुकीच्या फाइली वाचायला दिल्या होत्या. शुभदाताईंनी दोनदा चहा पाठवला, दोन्ही गार झाले. बाहेर कुणीतरी सातबारा उताऱ्याच्या प्रती काढत होतं आणि यंत्राचा तो एकसुरी आवाज डोक्यात घुमत होता. मी उठायचे, दोन पावलं टाकायचे, परत बसायचे.

दोन वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं.

चारशे बारा जनुकांपैकी फक्त अडतीस जनुकांत पांढऱ्याची एक आणि जांभळ्याची एक अशा दोन्ही घरच्या प्रती शेजारी शेजारी होत्या. ताजा संकर असता तर त्या जवळजवळ सगळ्यांत दिसायला हव्या होत्या. उरलेल्यांत दोन्ही प्रती एकाच घरच्या, पक्क्या बसलेल्या. या वंशाने कधीकाळी दोन बाजूंकडून वारसा घेतला आणि मग तो आपल्या वाटेने गेला, त्यालाही हजारो पिढ्या लोटल्या होत्या. तो संकरातून आला होता आणि तरीही स्वतंत्र होता. सर बावीस वर्षं हेच म्हणत होते.

मी तो आकडा बघत बसले. मग पडताळणी म्हणून प्रोग्राम दुसऱ्यांदा चालवला. त्यात वावगं काही नव्हतं. दोन चाळीसला तेच उत्तर आलं. मग तिसऱ्यांदा चालवला.

साडेतीनला मी सभागृहाशी पोचले. सर पायऱ्या उतरत होते. त्यांच्या मागून धोंडाबाई येत होत्या, डोक्यावरचा पदर सारखा करत.

"झालं?" मी विचारलं.

"झालं. मी सांगितलं की या घडीला ही वेगळी जात आहे असा पुरावा माझ्याजवळ नाही, तपासणी चालू आहे. त्यांनी 'पुरावा नाही' एवढंच लिहून घेतलं." त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. "काय आलं?"

"जुना आहे, सर. वेगळी जात आहे. तुमचंच बरोबर होतं."

सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर इतका आनंद पसरला की मला बघवेना. कागद हातात घेऊन त्यांनी अडतीसच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग हळूच विचारलं, "केव्हा कळलं?"

"आत्ताच. धावतच आले."

त्यांनी मान हलवली. आम्ही परत आत गेलो, पण अधिकारी निघाले होते. कागद आवक खिडकीवर द्यायला सांगितलं. तिथे शिक्का मारून घेतला. बाहेर आल्यावर धोंडाबाई म्हणाल्या, "म्या सांगून आले, गोठा कुटं न्यायचा ते बी सांगा म्हनलं. कुनी काय बोललं न्हाई."

चौदा महिन्यांनी मंजुरी आली. आमचा शिक्का मारलेला कागद 'मुदतीनंतर प्राप्त' म्हणून फाइलीत लागला होता. सड्याची पूर्व बाजू खणायला सुरुवात होण्याआधी सर आणि धोंडाबाई रोज सकाळी टोकदार पहारीने कंद काढून पश्चिमेकडे लावत होते. मी दोनदा गेले. दोनशे तेरा कंद काढले, त्यांतले एकेचाळीस जगले. धोंडाबाईंना पायथ्याशी जागा मिळाली. तिथे म्हशींना चरायला काही नव्हतं, त्यांनी एकेक करून विकल्या.

परिषदेतलं व्याख्यान मी दिलं. शीर्षक बदललं, 'ताजा'च्या जागी 'प्राचीन' घातलं. उदाहरण पहिल्यापेक्षाही चांगलं झालं होतं. दोन्ही शक्यता वेगळ्या कशा करायच्या हे त्यातून दाखवता आलं. खूप टाळ्या पडल्या. पुढे मला नोकरीही त्याच कामावर लागली.

सरांचा लेख पाच वर्षांनी छापून आला. त्यावर दुसरं नाव माझं होतं. मी नको म्हणाले तरी त्यांनी ऐकलं नाही. छापील प्रती घेऊन मी माळगुणीला गेले. सर ओसरीवर बसले होते. डोळे खूप अधू झाले होते. लेख त्यांनी नाकाजवळ धरून पान उलटत उलटत बघितला. चित्रं बोटाने चाचपली.

मी पाच वर्षं जे बोलायचं टाळत होते ते तिथे बोलले. प्रवासात त्याची वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही.

"सर, सुनावणीच्या दिवशी मी खोटं बोलले. उत्तर मला सव्वादोनच्या आतच मिळालं होतं."

त्यांचं बोट चित्रावर थांबलं.

"दुसऱ्यांदा चालवलं ते पडताळायला. पण तिसऱ्यांदा चालवायची काही गरज नव्हती. मला माहीत होतं. उठून यायचं आणि एवढ्या लोकांसमोर सांगायचं, की सकाळी मीच छातीठोक सांगितलं ते चूक होतं... तिथे बसून राहिले. खुर्चीतून उठताच येईना. नंतर मला वाटायला लागलं की उशीर झालाच आहे, तर अजून थोडा."

सरांनी लेख मिटून मांडीवर ठेवला.

"मला माहीत आहे," ते म्हणाले.

"कसं?"

"अडीच वाजता मी धोंडाबाईंना तुझ्याकडे पाठवलं होतं. त्या झेरॉक्सवाल्या पांगमबाईंनी त्यांना दारातच सांगितलं, मॅडमचं काम झालेलं दिसतंय, यंत्र आपोआप चाललंय, मॅडम नुसत्या बसल्यात. धोंडाबाई तुला हाक मारणार होत्या. पण त्यांनी आडोशामागे डोकावून बघितलं आणि परत आल्या. मला म्हणाल्या, पोरगी भ्यालीय, यील ती."

"मग तुम्ही का नाही आलात? तुम्हाला तर कळलं होतं, तुम्हीच सांगायचं होतं तिथे."

"काय सांगणार? आकडा तुझा होता. तो तू सांगितल्याशिवाय माझ्या तोंडी कसा यायचा?"

आतून कुणीतरी चहा आणला. सरांनी कप हातात घेतला आणि तो दोन्ही तळव्यांत धरून बसले.

"माझं नाव पुकारलं तेव्हा मी साहेबांकडे दहा मिनिटं मागितली," ते म्हणाले. "पुरावा येतो आहे म्हटलं. त्यांनी दिली. पुढच्याला बोलू दिलं. मग परत पुकारलं, परत दहा मिनिटं मागितली. माणूस चांगला होता, तीही दिली. मी दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. तिसऱ्यांदा पुकारलं, तेव्हा मागायला तोंड होईना."